नायकाला आधी कुणासमोर तरी उभं करा

सर, तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्यातल्या तुमच्या मराठी हायस्कूलचं यंदाचं हस्तलिखित 'पडद्यावरची माणसं' या विषयावर निघणार आहे. पहिला अंक पुरुष पात्रांचा, पुढच्या वर्षी स्त्री पात्रांचा. नववीच्या मुलांकडून तुम्ही व्यक्तिचित्रं लिहून घेतलीत आणि वह्या तपासताना तुमच्या लक्षात आलं की सगळ्या वह्यांत एकच माणूस आहे. शूर, प्रामाणिक, कष्टाळू, आईवडिलांवर प्रेम करणारा. नाव तेवढं बदलतं. दोन ओळी स्वभावाच्या आणि मग पानभर सिनेमाची गोष्ट. मुलांना नेमकं काय सांगायचं आणि कुठली पात्रं द्यायची, असं तुम्ही विचारलंत.

मी बेळगावच्या वडगाव भागातल्या विणकराच्या घरातली. बेळगावात ३१ वर्षं मराठी शिकवलं. त्यातली बरीच वर्षं शनिवारी शाळा सुटल्यावर मुलांना बसवून सिनेमातला एखादा प्रसंग दाखवायचा आणि त्यातल्या एका माणसावर लिहून घ्यायचं, असा नेम ठेवला होता. त्या अनुभवावरून सांगते.

मुलांची यात काहीच चूक नाही. त्यांना हे आपणच शिकवलंय. धड्याखाली प्रश्न असतो, अमक्याचे स्वभावविशेष लिहा. एसएसएलसीच्या, म्हणजे आपल्याकडच्या दहावीच्या, तयारीत आपण मुद्दे घोटून घेतो, धाडसी, प्रामाणिक, परोपकारी. मुद्द्याला गुण. मूल सिनेमातल्या माणसालाही तीच मापं लावणार. विशेषण हा शेवटी निघणारा निकाल असतो. तो आधीच लिहून टाकला की मुलाजवळ लिहायला काही उरत नाही, आणि पान भरायला मग ते गोष्ट सांगत सुटतं.

माझा एकच उपाय आहे. त्या पात्राला दोन माणसांसमोर उभं करायला सांगा. एक त्याच्याहून वरचा, एक त्याच्याहून खालचा. दोघांशी बोलताना त्याचा आवाज, त्याची मान, त्याचे हात, त्याची 'अहो' आणि 'अरे' कशी बदलते, एवढंच बघा आणि लिहा. त्या बदलात माणूस सापडतो.

आपल्या भागातल्या मुलांना हे शिकवावं लागत नाही, नुसती आठवण करून द्यावी लागते. त्यांचे कान लहानपणापासून याच कामाला लागलेत. घरात मराठी, बसमध्ये कंडक्टरशी कन्नड, बाजारात समोरच्याचं तोंड बघून कुठली भाषा काढायची ते ठरवायचं. घरात ज्यांच्या आवाजाने भांडी हलतात ते वडील एखाद्या खिडकीपाशी कन्नड फॉर्म हातात घेऊन उभे राहिले की त्यांचा आवाज किती बारीक होतो, हे आपल्या मुलांनी बघितलेलं असतं. वर्गात हे विचारलंत तर पहिल्यांदा कुणी बोलणार नाही. मग मागच्या बाकावरून एखादा सांगेल. तिथून सुरुवात करा.

आता पात्रं. सगळ्यात आधी मी 'सामना'मधला हिंदुराव धोंडे पाटील घेते. विजय तेंडुलकरांचं लेखन, जब्बार पटेलांचं दिग्दर्शन, १९७५ साली हा सिनेमा बर्लिनच्या महोत्सवात गेला होता. साखर कारखान्याचा सर्वेसर्वा असलेला हा माणूस निळू फुल्यांनी केला. मुलांना हिंदुराव द्या म्हटलं की ती 'क्रूर, सत्तांध, कपटी' असं लिहून मोकळी होतात. चिकोडी, हुक्केरी, संकेश्वरच्या बाजूची मुलं तर फार लवकर मोकळी होतात. उसाच्या पट्ट्यात वाढल्यामुळे त्यांना वाटतं, हा माणूस आपल्याला पाठ आहे.

मग मी विचारते, हिंदुरावांच्या वरचा कोण? मुलं शोधायला लागतात. मंत्री? आमदार? नाही, ते तर त्यांच्या खिशात. असं शोधता शोधता कुणीतरी दबकत म्हणतं, "बाई, त्यो दारुडा मास्तर काय?" तिथे वर्गात एकदम शांतता पसरते. रस्त्यावर सापडलेला, अंगावरच्या कपड्यांची शुद्ध नसलेला, एके काळचा गांधीवादी मास्तर. हिंदुराव त्याला आपल्या वाड्यात आणून ठेवतात, खाऊपिऊ घालतात, आपलं साम्राज्य फिरवून दाखवतात. आणि तो मास्तर गावातून नाहीशा झालेल्या एका माणसाबद्दल एकच विचारत राहतो, मारुती कांबळेचं काय झालं?

इथे मुलांना थांबवा. त्यांना विचारा, हिंदुरावांनी त्याला पहिल्याच दिवशी हाकलून का नाही दिलं? त्यांच्या एका शब्दावर माणसं नाहीशी होतात, हा तर रस्त्यावरचा पिणारा माणूस. या एका प्रश्नावर माझ्या वर्गात एकदा दोन तास गेले. येळ्ळूरच्या बाजूचा एक मुलगा होता, वर्गात फारसा न बोलणारा. तो म्हणाला, "त्येला समदं मिळालंय की बाई. निस्तं कुणीतरी चांगला माणूस हाय म्हणायचं ऱ्हायलंय. आनि पैसे घेऊन म्हणनारा नको हाय त्येला." मी ते वाक्य तसंच्या तसं फळ्यावर लिहिलं. बोलीसकट. त्या मुलाने नंतर जे व्यक्तिचित्र लिहिलं त्यात 'क्रूर' हा शब्द एकदाही नव्हता, आणि तरी वाचताना अंगावर काटा यायचा. आपल्या कर्तबगारीला एका निर्मळ माणसाने होकार द्यावा म्हणून धडपडणारा बलदंड पाटील त्यात होता. आपल्या तोंडासमोर खरं बोलणारा माणूस हिंदुरावांना वरचा वाटतो, ही त्यांची खोलवरची गोष्ट त्या मुलाने बरोबर पकडली.

हाच धागा धरून गब्बरसिंगकडे या, कारण तुमच्या चार-पाच वह्यांत तरी तो असणारच. 'शोले' १९७५ चा, आणि त्यातले ते खडक आपल्याच राज्यातले, बंगळूरजवळच्या रामनगरचे, हे सांगितलं की मुलं खुश होतात. गब्बरचे संवाद त्यांना पाठ असतात, म्हणून तेच वहीत उतरतात. त्यांना सांगा, संवाद लिहायचा नाही, संवाद कुणाला उद्देशून आहे ते लिहा. सरकारने आपल्यावर किती इनाम ठेवलंय हे गब्बरला ठाऊक असतं. तरी तो उंच खडकावर बसलेल्या सांबाला विचारतो, आणि सांबा वरून आकडा सांगतो, पचास हजार. स्वतःची किंमत त्याला दुसऱ्याच्या तोंडून ऐकायची असते. एवढा भयंकर माणूस, पण आपलं मोठेपण एकट्याने मानून घेता येत नाही त्याला. आणि दुसरा क्षण, हातावरची मुंगी चिरडतो तो. तिथे शब्दही नाही. या दोन जागांवर मिळून गब्बरचं अर्धं पान होतं आणि ते पान त्या मुलाचं स्वतःचं असतं.

माझ्या स्वतःच्या एका चुकीबद्दल इथे सांगायला हवं, म्हणजे तुमच्याकडून ती होणार नाही. सुरुवातीच्या वर्षांत मी व्ही. शांतारामांच्या 'पिंजरा'तल्या मास्तरावर लिहायला दिलं होतं. १९७२ चा सिनेमा. डॉ. श्रीराम लागूंचा मास्तर. गावाला आदर्श शिकवणारा, तमाशाचा फड गावात नको म्हणणारा शिक्षक त्याच फडातल्या बाईत गुंततो. आपलं ते रूप गावाला कळू नये म्हणून मास्तर मेला असं गावाला वाटू देतो. गावात त्याचा पुतळा उभा राहतो, आणि शेवटी त्या मास्तराच्याच खुनासाठी त्याला शिक्षा होते. मी फळ्यावर मुद्दा दिला होता, 'चारित्र्याची घसरण'. मुलांनी इमानदारीने घसरण लिहिली.

एका मुलीने तास संपल्यावर येऊन विचारलं, "बाई, पुतळा खरा की मास्तर खरा?" मला उत्तर देता आलं नाही. घरी जाऊन विचार केला तेव्हा कळलं की मी मुलांच्या हातात निकाल दिला होता आणि माणूस काढून घेतला होता. त्या मास्तराच्या वरचा कोण? त्याचा स्वतःचाच पुतळा! तो माणूस स्वतःच्याच आदर्शापुढे मान खाली घालून उभा आहे, आणि स्वतः बुडाला तरी तो आदर्श बुडू देत नाही. मी स्वतः शिक्षिका. गावातल्या मास्तराकडे लोक कसे बघतात, रस्त्यावर दिसला की पोरं विडी कशी लपवतात, हे मी पाहत आलेय. तो मास्तर मला तोवर कळलाच नव्हता. तेव्हापासून पात्राचा गुणदोष मी फळ्यावर लिहीत नाही.

मोठ्या मुलांना एक जोड द्या. 'पिंजरा'चा मास्तर आणि 'सामना'चा मास्तर, दोन्ही लागूंचेच. एक गावाला आदर्श वाटणारा पण आतून कोसळलेला, दुसरा गावाने कोसळलेला ठरवलेला पण आतला काटा शाबूत असलेला. एकाच नटाच्या अंगातून दोन मास्तर कसे वेगळे निघाले हे शोधताना मुलांना नट आणि पात्र यातला फरक आपोआप कळतो. या फरकावर वेळ घालवा, कारण मुलांच्या वह्यांत तो सर्रास पुसला जातो. निळू फुले राष्ट्र सेवा दलातले कार्यकर्ते, साधे, वाचणारे गृहस्थ. त्यांनी पाटील इतके भेदक केले की प्रत्यक्षात बायका त्यांना बघून बिचकायच्या. त्याच निळूभाऊंनी 'सिंहासन'मध्ये दिगू टिपणीस हा पत्रकार केला, सत्तेचा खेळ कडेला उभा राहून बघणारा आणि तो बघून शेवटी मनाचा तोल गेलेला. हिंदुराव आणि दिगू शेजारी ठेवून एक तास घ्या.

आता तुमच्या मुलांना खरंच जवळची वाटतील अशी पात्रं. 'श्वास' दाखवा. २००४ चा, संदीप सावंतांचा. अरुण नलावडेंनी केलेला आजोबा. कोकणातून नातवाला घेऊन शहरातल्या दवाखान्यात आलेला म्हातारा. जीव वाचवायचा तर नातवाचे डोळे काढावे लागणार, आणि शस्त्रक्रियेआधी मुलाला ते सांगितलंच पाहिजे असं डॉक्टर म्हणतात. आजोबाच्या तोंडून ते निघत नाही. शस्त्रक्रिया पुढे ढकलली जाते तेव्हा तो पोराला घेऊन दवाखान्यातून नाहीसा होतो, एक दिवस त्याला जग दाखवून आणतो.

यावर एका मुलीने लिहिलेल्या चार ओळी मी जपून ठेवल्या आहेत. तिच्या आजोबांना डोळ्यांसाठी मिरजेला नेलं होतं, ती बरोबर गेली होती. तिने लिहिलं होतं, "माझे आजोबा पण असेच. डॉक्टर बोलत असताना सारखी मान हलवतात. बाहेर आल्यावर मला विचारतात, काय म्हणाले गं? मग मी सांगते, आणि ते पुन्हा तशीच मान हलवतात." सर, एवढंच. पण डॉक्टरसमोर आणि नातीसमोर हलणारी ती एकच मान तिने बघितली होती. त्या ओळींनंतर सिनेमातल्या आजोबाबद्दल तिने जे लिहिलं त्यात 'प्रेमळ' हा शब्द लागलाच नाही. तुमच्या वर्गातही आजोबांबरोबर मिरजेला किंवा बेळगावच्या मोठ्या इस्पितळात जाऊन आलेली मुलं असतील. त्यांना हा आजोबा द्या.

'नटरंग'मधला गुणा कागलकर तर आपल्या शेजारचाच. कागल म्हणजे निपाणीहून निघालो आणि कोगनोळीचा नाका ओलांडला की लगेच. ज्यांच्या कादंबरीवर तो सिनेमा आहे ते आनंद यादव कागलचे, आणि गुणा साकारणाऱ्या अतुल कुलकर्णींचा जन्म बेळगावचा. हे मुलांना सांगाच. आपल्या मातीशी नातं आहे म्हटलं की लिहिताना हात मोकळा होतो.

गुणा हा शेतमजूर, तालमीत कमावलेलं अंग, डोक्यात तमाशाचं वेड. वगात राजा व्हायचं त्याचं स्वप्न. पण फडाला नाच्या, म्हणजे बायकी हावभाव करणारा पुरुष, पाहिजे आणि नाच्या व्हायला कुणी तयार नाही, तेव्हा तो स्वतः तयार होतो. कुस्ती आपल्याकडे काय चीज आहे हे तुम्हाला सांगायला नको. आनंदवाडीच्या आखाड्यात लाल मातीत उतरणारी पोरं आपण बघतो, त्यांच्या घरी दूध कुठून येतं, बाप पोटाला चिमटा काढून बदाम कसे आणतो तेही बघतो. असं अंग उतरवून कमरेत लचक आणायची म्हणजे त्या माणसाने काय सोडलं असेल? बापासमोर त्याची मान वर होत नाही, बायको तुटते, गावात टवाळी होते. आणि ज्या फडासाठी हे सगळं केलं त्या फडात मात्र तो ताठ उभा असतो.

मुलं इथे हसतील. नाच्याच्या चालण्याची नक्कल करतील. त्यांना रागावू नका. माझ्या वर्गात हसणाऱ्या मुलांना मी एकच काम दिलं होतं. गुणा पहिल्यांदा तसं चालतो तेव्हा त्याच्या आसपासच्या माणसांची तोंडं बघा आणि ती लिहा. ज्याने सगळ्यात मोठ्याने हसून दाखवलं होतं त्याची वही सगळ्यात उशिरा आली. त्याने लिहिलं होतं, 'हसणाऱ्यांत मला मी दिसलो.' मी त्यावर काही शेरा मारला नाही. फक्त सही केली.

विनोदी पात्रांचा प्रश्न निघेलच. मुलांना 'अशी ही बनवाबनवी' पाठ असतो, १९८८ चा असूनही. अशोक सराफांचा धनंजय माने माझ्या पद्धतीला इतका सोयीचा आहे की मी तो पहिल्या तासाला वापरते. पुण्यातल्या घरमालकासमोर एक माने, दुकानातल्या मॅडमसमोर दुसरा, नव्या घरमालकीण लीलाबाई काळभोरांसमोर तिसरा, आणि आसरा मागायला आलेल्या मित्रांसमोर चौथा, घरातला थोरला. खोटं बोलायची प्रत्येक ठिकाणची तऱ्हा वेगळी. औषधासाठी घेतलेल्या सत्तर रुपयांचं घरमालक विचारतो तेव्हा माणसाबरोबर ते पैसेही 'वारले' म्हणणारा माने मुलांना तोंडपाठ असतो. पण त्याच्या सगळ्या थापा डोक्यावर छप्पर राहावं म्हणून आहेत, हे लक्षात आणून द्यावं लागतं. बेळगावात खोली शोधत फिरलेल्या खेड्यातल्या मुलाला ते पटकन कळतं.

'देऊळ'मधला केशा थोडक्यात सांगते. करडी नावाची त्याची गाय. गायीशी तो मोकळा बोलतो, आणि गावच्या पुढाऱ्यांसमोर त्याला शब्द सापडत नाहीत. त्याला दिसलेल्या दत्ताचं गावाने दुकान मांडलं तेव्हा तो भाषण करत नाही, मूर्ती उचलतो आणि नदीत सोडून येतो. नरसोबाच्या वाडीला जाणारी आपली माणसं हा सिनेमा बघून गप्प बसलेली मी पाहिलीत. गिरीश कुलकर्णींना या कामासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

'फँड्री' दाखवताना मात्र जपून, सर. नागराज मंजुळेंचा हा सिनेमा जातीबद्दलचा. बहुतेक शिक्षक त्यातला शाळकरी जब्या लिहायला देतात. मी कचरू माने द्या म्हणेन, जब्याचा बाप. किशोर कदमांनी केलाय. गावातल्या प्रतिष्ठितांनी डुकरं धरायला सांगितली की नाही म्हणायची त्याची सोय नाही, पोरीचं लग्न तोंडावर आहे, आणि मुलगा आपल्याबरोबर यायला लाजतोय. गावासमोर वाकलेला हा माणूस पोरावर ओरडतो, हात उगारतो. वरच्यासमोरचं वाकणं आणि खालच्यावरचा राग, दोन्ही एकाच अंगात. डुकरामागे धावता धावता शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येतं आणि सगळं कुटुंब जागच्या जागी ताठ उभं राहतं, त्या जागेवर मी प्रोजेक्टर थांबवते.

जपून का म्हटलं ते सांगते. तुमच्या वर्गात असं बघितलेली, सोसलेली मुलं असतील. त्यांच्याकडे सगळ्या वर्गाच्या माना वळतील असं काही करू नका. त्यांना 'तुझा अनुभव लिही' म्हणू नका. त्यांनी हवं तर धनंजय माने लिहावा. कुणी कचरू लिहायचा हे त्याचं त्याने ठरवावं. एकदा मी एका मुलाला चांगल्या हेतूने पुढे ओढलं आणि तो पुढचे तीन शनिवार आला नाही.

आता एक गोष्ट जी महाराष्ट्रातल्या शाळेला सुचणार नाही, ती तुम्ही करा. एक कन्नड पात्र घ्या. 'बंगारद मनुष्य', १९७२ चा, त्यातला कन्नड नट डॉ. राजकुमारांचा राजीव. बहिणीचा संसार उघडा पडला म्हणून तिच्या गावी राहतो, खडकाळ जमीन पिकाखाली आणतो, भाचे वाढवतो. आणि ज्याला शिकवून मोठं केलं तोच भाचा जेवताना टोचून बोलतो, तेव्हा पानावरून उठून काही न बोलता निघून जातो. आपली मुलं कन्नड शिकतात, त्यांना हा सिनेमा कळतो. पानावरून उठलेला माणूस काय घेऊन उठतो हे समजायला भाषा लागत नाही. लिहायचं मराठीतच. फक्त तो मामा आहे हे विसरू देऊ नका. आपल्याकडे मामा म्हटला की जे जे डोळ्यासमोर येतं ते सगळं त्या उठण्यात आहे.

तासाची पद्धत सोपी ठेवा. पूर्ण सिनेमा दाखवायला वेळ नसतो आणि गरजही नसते. सात-आठ मिनिटांचा एक प्रसंग घ्या. पहिल्यांदा आवाजासकट, मग आवाज बंद करून. आवाज बंद केला की मुलांना हात दिसायला लागतात. कुणी टोपी सारखी करतं, कुणी पंचा खांद्यावरून काढून हातात धरतं, कुणी खुर्चीच्या अगदी कडेला बसतं. दिसलेली तीन कामं टिपायची, विशेषण एकही नाही. मग तिसऱ्यांदा आवाज लावून फक्त हाका टिपायच्या. कोण कुणाला साहेब म्हणतं, कोण नुसतं नावाने हाक मारतं, कोण बोलताना समोरच्याचं नावच घेत नाही. दीड पानाच्या पुढे जाऊ देऊ नका. गोष्ट सांगायला फक्त तीन ओळी द्या, वाचणाऱ्याला संदर्भ कळावा एवढ्याच.

भाषेबद्दल हात सैल ठेवा. पुण्याची मराठी लिहिण्याच्या भीतीने आपली मुलं आखडतात. पु. ल. देशपांडे आपल्या बेळगावात राणी पार्वतीदेवी कॉलेजात शिकवायला होते, आणि बेळगावच्या रावसाहेबांचं व्यक्तिचित्र त्यांनी केलं ते रावसाहेबांच्या तोंडच्या कानडी वळणाच्या, शिवराळ, लिंगवचनाची पर्वा न करणाऱ्या मराठीसकट. ती बोली सुधारून लिहिली असती तर रावसाहेब उरलेच नसते. तुमच्या हस्तलिखितात निवेदन प्रमाण मराठीत असू दे, पण माणूस बोलेल तो त्याच्या तोंडचंच. पडद्यावरच्या माणसाविषयी लिहिताना मुलाने मध्येच आपल्या घरचं, गल्लीचं वाक्य आणलं तर ते खोडू नका.

मुलींनीही पुरुष पात्रं लिहावीत का, असं तुम्ही शेवटी कंसात विचारलंय. जरूर. बापाचा, भावाचा, मास्तराचा आवाज कधी बदलतो हे मुलींना जास्त लवकर कळतं, कारण त्यांना त्यावर लक्ष ठेवावंच लागतं. मला आठवणाऱ्या चांगल्या वह्यांतल्या निम्म्याहून जास्त मुलींच्या आहेत.

अंकात पंधराच्या वर व्यक्तिचित्रं घेऊ नका, आणि दोन मुलांनी एकच पात्र लिहिलं असेल तर दोन्ही शेजारी शेजारी घ्या. एका वहीतला हिंदुराव आणि दुसऱ्या वहीतला हिंदुराव वेगळे निघाले पाहिजेत. मुखपृष्ठावर नटांचे फोटो चिकटवण्याऐवजी मुलांनाच काढायला सांगा. नुसते हात काढले तरी चालतील, टोपी सारखी करणारे, कागद धरलेले.

हिवाळ्यात कडोली, उचगाव, येळ्ळूरला मराठी साहित्य संमेलनं भरतात, मी तिन्हीकडे असते. अंक झाला की त्यातल्या एखाद्याला घेऊन या. पण ज्या मुलाची वही तुम्ही आणाल त्या मुलाला बरोबर आणा, आणि तो वाचत असताना तुम्ही माझ्याशेजारी खाली सतरंजीवर बसा.